कोपराची खूण

वैजयंताने कोपर लावलं ते उल्हासला दिसलं. दिसलं म्हणून त्याने धोटा फेकला.

येवल्यात पदर भरगच्च असला की एका मागावर नवरा-बायको शेजारी शेजारी बसतात. अर्धा मोर त्याचा, अर्धा तिचा. रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या तिल्ल्या फिरवत दोघं आपापली बाजू भरतात, आणि दोघांची ओळ पुरी झाली की आडवा धागा नेणारा धोटा एकाने फेकायचा. आता दुसऱ्याची ओळ पुरी झाली हे कळायचं कसं? नजर सुतावर खिळलेली, आणि बोलत बसलं तर दिवस बोलण्यातच जायचा. म्हणून प्रत्येक जोडीची आपली एक खूण ठरलेली असते. कोणी हुंकार देतं, कोणी पायाने पाय ढोसतं. वैजयंता नवी नवरी होती तेव्हा सासूबाई समोरच बसलेल्या असत, बोलायची सोय नव्हती. तिने नवऱ्याच्या दंडाला हळूच कोपर लावलं, आणि तीच खूण झाली. पुढे सासूबाई गेल्या, मुलगी ओवी लग्न होऊन सिन्नरला गेली, शेजारच्या गल्लीत यंत्रमागही मोर विणायला शिकले, तरी या घरातलं कोपर काही बदललं नाही.

हल्ली मात्र उल्हासला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघावं लागे. मानेवर बसलेली माशी त्याला कळत होती. पायाखालची मागाची पावडी दमट झाली आहे हे कळत होतं. दंडाला टेकलेलं बायकोचं कोपर तेवढं कळत नव्हतं, आणि ही गोष्ट तिच्यापासून लपवण्यासाठी तो बिचारा दिवसभर मान अवघडून बसत होता.

"मान का वाकडी करून बसता हो?" तिने विचारलं.

"उजेड येत नाही नीट."

"खिडकी तर तुमच्याच बाजूला आहे."

"म्हणून तर डोळ्यांवर येतो," उल्हास म्हणाला. वैजयंताने हसून पुढची तिल्ली उचलली. नवऱ्याची उत्तरं अशीच असतात हे तिने कधीच मान्य केलं होतं.

याची सुरुवात एका तापाने झाली होती. ताप आला तसा गेला, पण जाता जाता उल्हासचा लहान मेंदू नासवून गेला. लहान मेंदू म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर असलेला तो गोळा. चहाचा कप घ्यायला हात पुढे करावा तर तो कपाच्या पलीकडे जाई. मागे आणावा तर अलीकडेच थांबे. आणि कपाजवळ आला की असा थरथरे, की चहा बशीत कमी आणि लेंग्यावर जास्त. माग तर लांबच राहिला, त्याला बटण लावता येईना. त्याहून भयंकर प्रकार सदऱ्याचा होता. सकाळी अंगात घातलेला सदरा तुम्ही-आम्ही थोड्या वेळात विसरून जातो. उल्हासला तो दिवसभर, क्षणोक्षणी, आत्ताच कोणी अंगावर फेकल्यासारखा लागे. संध्याकाळपर्यंत तो रडकुंडीला येई.

नाशिकच्या डॉक्टर नौशीन काझींनी त्याला समोर बसवून पहिलाच प्रश्न विचारला, "काका, स्वतःला कधी गुदगुल्या केल्यात?"

"स्वतःला होतात होय गुदगुल्या?"

"नाही होत. का होत नाहीत, तेच तुमचं दुखणं आहे." त्यांनी त्याचा थरथरता हात टेबलावर ठेवायला लावला. "मेंदू हाताला हुकूम सोडतो, तेव्हा त्या हुकमाची एक नक्कल लहान मेंदूकडे जाते. लहान मेंदू लगेच अंदाज बांधतो, की हात असा हलला म्हणजे बोटाला हे कळेल, मनगटाला ते कळेल. मग अंगाकडून खरी खबर येते. अंदाजाशी जुळली तर ती वजा होते. जे जुळत नाही, तेवढंच ठळकपणे तुमच्यापर्यंत पोचतं. स्वतःचा हात स्वतःला लागला तर त्यात नवीन काही नसतं, म्हणून गुदगुल्या नाहीत. रोजचा सदरा कळत नाही, त्यातही थोडं काम याचंच आहे."

"आणि हात कापतो तो?"

"तोही त्यामुळेच. बोटाची खबर मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो. अगदी थोडा, पण तेवढ्यात तुमचा धोटा पलीकडे गेलेला असतो. खबर येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर हात दर वेळी उशिरा सावरणार, मग जास्तच सावरणार, मग उलट बाजूला जाणार. धडधाकट माणूस खबरीवर हात चालवत नाही, अंदाजावर चालवतो. तुमचा अंदाज बांधणाराच गेलाय."

तो अंदाज आता यंत्र बांधणार होतं. कानामागच्या हाडात बसवायची बटणाएवढी चकती, आणि तिच्यातून लहान मेंदूत सोडलेले केसाहून बारीक धागे. मेंदूचे हुकूम ऐकायचे, अंगाकडून येणाऱ्या खबरी ऐकायच्या, दोन्हींचा मेळ शिकायचा आणि रोजचं असेल ते वजा करायचं. यंत्राला लांबलचक इंग्रजी नाव होतं. उल्हासने त्याचं बारसं 'मुकादम' असं केलं, कारण येणाऱ्या प्रत्येकाला ते दारात हटकून 'तू रोजचाच, हो बाजूला. तू नवा, ये आत' असं करणार होतं. डॉक्टरांनाही ते नाव आवडलं.

"फक्त एक लक्षात ठेवा," शस्त्रक्रिया झाल्यावर त्या वैजयंताकडे बघून म्हणाल्या. "सुरुवातीला हा मुकादम कोरा असतो. काकांचं अंग कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं, हे त्याला माहीत नसतं. ते शिकवायला हातपाळी लागते. रोज वेगळ्या माणसाने काकांना तेल लावायचं, हात धरून उचलायचा, बोटं वाकवायची. आमची माणसं येतील, शेजारपाजारचे बोलवा. पण एकाच माणसाने करायचं नाही. पाया एकदा पक्का झाला की आम्हालाही मग बदलता येत नाही."

वैजयंताने मान डोलावली. ऐकलं तिने सगळं. बाई काही वेंधळी नव्हती.

पण घरी आल्यावर हातपाळीचा पहिला माणूस आला, सभ्य, स्वच्छ, नखं कापलेला, आणि त्याने उल्हासच्या मनगटाला हात लावला मात्र, उल्हास किंचाळला. मुकादम अजून कोरा, त्यामुळे अनोळखी हात निखाऱ्यासारखा लागत होता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या तिवारींनी प्रयत्न केला, तेव्हाही तेच. त्या सगळ्या आकांतात सोसवणारा हात एकच होता. बावीस-तेवीस वर्षांच्या सवयीचा तो हात, त्याच्या उरल्यासुरल्या मेंदूला तेवढा तरी ओळखीचा होता.

"वैजू, तूच कर गं," तो कळवळून म्हणाला. "मला दुसऱ्या कोणाचा हात नको."

आता नवरा असं म्हणतोय, आणि बायको घरात धडधाकट आहे, तर येवल्यातल्या कुठल्या बाईने परक्याच्या हाती त्याला सोपवलं असतं? आजारी माणसाचं करायचं ते घरच्या बाईने, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं आणि शिकवायची गरजही नव्हती. हातपाळीची माणसं येत, त्यांना ती चहा पाजून, "आज झालंय बरं का त्यांचं सगळं," असं गोड बोलून वाटेला लावी. हॉस्पिटलमधून फोन आला की, "हो, येतात ना माणसं," असं ठोकून देई. आणि दार लावून स्वतः तेलाची वाटी घेऊन बसे.

तिचा हात विणकराचा होता. तिने विणलेलं कापड उजेडात धरलं तर कुठे दाट, कुठे विरळ असं दिसायचंच नाही. त्याच हाताने ती खांद्यापासून बोटांपर्यंत तेल जिरवायची, रोज त्याच वेळी, त्याच दाबाने, त्याच चालीने. उल्हासच्या मनात हात उचलायचं आलं की त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळायचं आणि ती आपला हात खाली घालून त्याचा हात उचलायची. त्याने घास घ्यायचं मनात आणलं की तिचा हात त्याच्या मनगटाखाली हजर. मुकादम हे सगळं बघत होता आणि शिकत होता.

यंत्र कामाला आलं, यात वादच नाही. एके दिवशी उल्हासने स्वतःच्या हाताने कप उचलून चहा प्यायला. मग बटण लावलं. मग मागावर बसला, आणि पहिल्याच दिवशी धोटा असा सरळ गेला की गल्लीतली माणसं बघायला जमली आणि तोंडात बोटं घालून परत गेली. सदरा आता अंगावर आहे की नाही हे त्याला बघून खात्री करावी लागे. ओवी धावत आली, बापाच्या गळ्यात पडून रडली. वैजयंता रडली नाही, तिने शिरा केला.

त्यानंतर आलेल्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, वैजयंताने रांगोळी काढून पाट मांडला. पाडव्याला बायकोने नवऱ्याला तेल-उटणं लावायचं, ओवाळायचं, ही त्यांच्या घरची रीत. उल्हास पाटावर बसला. उटणं डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्याने डोळे मिटले आणि वाट बघू लागला. उटण्याचा वास आला. बांगड्या वाजल्या. बाहेर कोणीतरी फटाका लावला. तो थांबून थांबून कंटाळला.

"अगं, लाव ना तेल. थंडी वाजू राहिली."

बांगड्या थांबल्या. "लावून झालं की," वैजयंता म्हणाली. "उटणंसुद्धा लावलं. झोपलात का काय बसल्या बसल्या?"

उल्हासने डोळे उघडले. छाती, दंड, पोटऱ्या, सगळं अंग पिवळं झालं होतं.

"गंमत केली गं," तो म्हणाला. तिने त्याच्या गालाला उटण्याचं बोट लावलं. ते त्याने पाहिलं. मग तांब्याने डोक्यावर ऊन पाणी पडलं, ते मात्र इतकं स्पष्ट कळलं, की त्याला त्या पाण्याचा राग आला.

दिवाळी आटोपताच जरीचे नमुने बघायचं निमित्त काढून तो एकटाच नाशिकला गेला. डॉक्टर काझींनी चकतीतली माहिती पडद्यावर उतरवली आणि ती दोनदा वरपासून खालपर्यंत वाचली.

"काका, हातपाळी केली नाहीत तुम्ही."

उल्हासने मान खाली घातली.

"तुमच्या मनात हात उचलायचं यायचं आणि हात कोण उचलायचं? काकू. रोज. म्हणजे यंत्राने काय मेळ बसवला, की हा हुकूम सुटला की हा हात लागतो. तुमच्या स्वतःच्या हाताची खबर जशी हुकमाच्या मागोमाग येते, तशीच काकूंची येत होती. त्याने काकूंचा हात तुमच्याच अंगाचा भाग धरलाय. शिवाय त्यांचा हात इतका एकसारखा, की पहिली चाहूल लागताच पुढचं सगळं त्याला तोंडपाठ असतं. तो सगळं वजा करतो."

"मग त्याला सांगा ना, की ही माझी बायको आहे."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. अशी मागणी त्यांच्याकडे याआधी कोणी केली नव्हती. "पाया पक्का झालाय, काका. वरवरचं तो रोज नवं शिकतो, पाया बदलत नाही. धागे मेंदूत रुजलेत, काढायला गेलं तर तुम्ही हाती लागणार नाही." त्यांनी खणातून एक लोहचुंबक काढलं, सुपारीएवढं. "हे कानामागे धराल तोवर यंत्र बंद राहील. पण मग पहिल्यासारखं सगळं सुरू होईल, थरथर, आग, सगळं. सांगायचं म्हणून सांगते, वापरा असं म्हणत नाही."

"हिला काही सांगू नका," उल्हास म्हणाला. "तिने केलं ते मी सांगितलं म्हणून केलं."

परतीच्या बसमध्ये शेजारच्या प्रवाशाचा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागत होता. परका, हाडकुळा, खडबडीत गुडघा, अगदी लख्ख कळणारा. उल्हासने पाय आवरून घेतला.

लपवणं त्याला बरं जमलं. कोपर बघायला तो शिकला. पाठीमागून ती आली तर बांगड्यांवरून ओळखायला शिकला. ती हात लावी तेव्हा योग्य वेळी हं करायचं, हसायचं, हेही शिकला. पण चोवीस तास नाटक कोणाला जमतं?

ओवी दोन दिवस राहायला आली होती. दाराशी उभी राहून ती नव्या नोकरीचं सांगत होती आणि उल्हास मान वळवून कौतुकाने ऐकत होता. वैजयंताची ओळ पुरी झाली. तिने कोपर लावलं. तो ऐकतच होता. तिने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा तिने असं ढोसलं की बसायची फळी हलली. उल्हास लेकीला विचारत होता, "मग साहेब काय म्हणाला?"

"बाबा, आई कधीची खुणावतेय," असं म्हणत ओवीने पुढे येऊन त्याच्या खांद्याला एक बोट लावलं. नुसतं टेकवलं. उल्हास एवढा दचकला की धोटा खाली पडला.

वैजयंताने ते बोट पाहिलं आणि तो दचकलेला पाहिला. ओवी सिन्नरला परत गेली त्या दुपारी उल्हास जेवायला बसला होता. भाकरी, पिठलं, कांदा. वैजयंता भाकरी वाढून मागे गेली. बांगड्या तिने स्वयंपाकघरातच उतरवून ठेवल्या होत्या.

तो निवांत जेवत राहिला. कांद्याची फोड चावली, पाणी प्यायला.

"किती वेळ झाला मी पाठीवर हात ठेवून उभी आहे, सांगा," ती मागून म्हणाली.

उल्हासच्या हातातला घास हातातच राहिला.

मग सगळं सांगावं लागलं. ती समोर येऊन खाली बसली आणि ऐकत गेली. "माशी कळते तुम्हाला," ती म्हणाली. "ओवीचं बोट कळतं. मग माझ्याच हाताने काय पाप केलंय?" उत्तर द्यायची वेळ त्याच्यावर आली नाही. तिचं तिलाच आठवलं. चहा पाजून वाटेला लावलेली माणसं, फोनवर ठोकलेली थाप, तेलाची वाटी. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"मीच शिकवलं त्याला," ती म्हणाली.

"मी म्हणालो होतो, तूच कर."

"तुम्ही आजारी होता. मला कळायला नको होतं?" ती पदराने तोंड दाबून रडायला लागली. त्याने तिचा हात हातात घेतला, म्हणजे घेतलेला त्याला दिसला. त्याच्या बोटांना त्यात काहीच नव्हतं. भांडायला समोर कोणी असतं तर बरं झालं असतं. दोघंही एकमेकांना सोडवत होते आणि कोणीच सुटत नव्हतं.

दोन दिवस रडून झाल्यावर वैजयंता उठली ती कंबर कसूनच. मुकादमाला रोजचं कळतं ना? मग रोजचं द्यायचंच नाही. तिने डाव्या हाताने त्याच्या पाठीला हात लावला आणि उल्हास ओरडला, "कळलं!" दोघं पोरांसारखी हसली. तिसऱ्या दिवशी डावा हातही कळेना. मग तिने ओला हात लावून पाहिला. बर्फ धरून पाहिला. ओवीच्या जावेने दिलेले लोकरीचे हातमोजे घालून पाहिले, भर उन्हाळ्यात. उलटा हात, मूठ, एकदा तर कालथा. येता-जाता अवचित चापट मारायची आणि विचारायची, "आता?" पहिल्यांदा कळे, दुसऱ्यांदा अर्धवट कळे, पुढे काही नाही. बायको नवनव्या सोंगांत दाराशी येत होती आणि मुकादम दर वेळी तिला ओळखून बाहेरच ठेवत होता.

"चुंबक काढा," एके संध्याकाळी ती म्हणाली.

"वैजू, नको."

"एकदाच. तुमच्या गालाला हात लावायचाय मला. तुम्हाला कळला पाहिजे."

उल्हासने सदरा काढून ठेवला, कारण तो जाळणार हे ठाऊक होतं. भिंतीला टेकायचं टाळून तो ताठ बसला आणि चुंबक तिच्या हाती दिलं. एका हाताने तिने ते त्याच्या कानामागे धरलं. दुसरा हात गालावर ठेवला.

पहिला अर्धा श्वास त्याला सगळं कळलं. तो अंगठा. जरीने चिरत आलेलं त्याचं खरखरीत टोक. तळव्याची ऊब, लसणाचा वास, करंगळीचं ते वाकडं पेर. हीच, हीच ती, असं त्याच्या मनात आलं, आणि तेवढ्यात सगळ्या अंगाने पेट घेतला. जमीन, वारा, लेंग्याची नाडी, तिचा हात, सगळं एकदम अंगावर धावून आलं. तो गुरासारखा ओरडला. हात आवरायला गेला तो भलतीकडेच भिरकावला गेला आणि तिच्या तोंडावर बसला. चुंबक घरंगळत उंबऱ्यापाशी गेलं.

वैजयंताचा ओठ फुटला होता. तिने तो पदराने टिपला, चुंबक उचललं आणि फडताळात सगळ्यात वर, लोणच्याच्या बरणीमागे ठेवून दिलं. त्या रात्री कोणी जेवलं नाही आणि त्या गोष्टीचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

माणूस कशालाही सरावतो, त्यात ही दोघंही सरावली. मागावर बसली की ओळ पुरी झाल्यावर वैजयंता तोंडाने "हं" म्हणायची आणि उल्हास धोटा फेकायचा. कोपर ती अजूनही लावायची. हाताची सवय होती ती, सुटत नव्हती. उल्हासला ते दिसलं की तो नजर सुताकडे वळवायचा.

पुढच्या वर्षीच्या चैत्रात त्यांनी एका मोठ्या पदराचं काम घेतलं. समोरासमोर दोन मोर. दुपारची वेळ होती, पंखा करकरत होता. उल्हास मोराच्या डोळ्याच्या हिरव्या ठिपक्यात गुंतला होता, आणि त्याच्या दंडाला काहीतरी लागलं.

त्याने धोटा फेकला. फेकल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण पाहिलं नव्हतं.

"अहो, मी हं म्हटलं नाही अजून," वैजयंता म्हणाली.

"कोपर लावलंस ना?"

"लावलं. पण..." ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्ही तर तिकडे बघत होता."

"पुन्हा लाव." त्याने डोळे घट्ट मिटले. दंडाला पुन्हा ते लागलं. फुलपाखरू बसावं तसं फडफडणारं, पण होतं. "कळलं," तो म्हणाला. "वैजू, कळलं मला!"

ती मागावरच वळली आणि दोन्ही हातांनी तिने त्याचं तोंड धरलं. दोन्ही हात कळले. कितीतरी दिवसांनी तो बायकोच्या हातात होता, आणि हे त्याला बघून ठरवावं लागत नव्हतं. तो हसत होता आणि रडतही होता.

"म्हातारा झाला वाटतं तुमचा मुकादम," ती म्हणाली. "डुलकी लागायला लागली मेल्याला."

"लागू दे, लागू दे."

तिच्या खांद्यावरून त्याची नजर मागावर गेली. त्याच्या बाजूच्या मोराची मान सुरेख वळून वर गेली होती. तिच्या बाजूच्या मोराची मान दोन ठिकाणी दातरली होती. रंग कडेबाहेर गेला होता. पोत कुठे दाट, कुठे विरळ होता. वैजयंताच्या हातचं असं कापड त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. सकाळपासून तिने त्या बाजूवर एक साडी घडी करून का टाकली होती, हे आता वळताना ती घडी सरकल्यावर त्याला कळलं.

गालावरचे हात स्थिर नव्हते. तिने दाबून धरले होते तरी बोटं आतल्या आत थरथरत होती, उजव्या हाताची जास्त.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"काय कधीपासून?" तिने हात काढून पदराखाली घेतले. "थंडी आहे."

चैत्रात, येवल्यात, दुपारी. उल्हासला सगळं उमगत गेलं. तेलाच्या वाटीपासून ज्या हाताने त्याला शिकवलं, तो हात मुकादमाला पाठ होता. हा हात त्याने कधी पाहिलेला नव्हता, म्हणून आत सोडला होता. हाही तो शिकणारच, चार दिवसांत नाही तर आठ दिवसांत. मग थरथर आणखी वाढेल तेव्हा पुन्हा कळेल. ती बिघडत जाईल, तेवढीच उल्हासला भेटत राहील. आणि नाशिकला नेलं तर डॉक्टर काझी गोळ्या देतील, नाही तर तिच्याही कानामागे एक चकती बसवतील, आणि तो हात पहिल्यासारखा होईल, एकसारखा, देखणा, त्याला कधीही न कळणारा. न्यायला तर हवंच होतं. त्यात दुसरा विचार करायला जागाच नव्हती, आणि तरी तो करत होता, म्हणून त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्याने पदराखालून तिचा हात बाहेर ओढला आणि दोन्ही हातांत धरला.

"उद्या नाशिकला जाऊ," तो म्हणाला.

"कशाला?" तिच्या चेहऱ्यावर मघाचं हसू अजून तसंच होतं. "आत्ता कुठे कळायला लागलंय तुम्हाला. त्या बघतील आणि पुन्हा दुरुस्त करून ठेवतील."

"जाऊ," उल्हास म्हणाला.

"जाऊ मग. पण आजचा दिवस तर राहू द्या."

तिने कोपर पुन्हा त्याच्या दंडाला लावलं आणि तिथेच ठेवलं. ते थरथरत होतं. उल्हासने धोटा उचलला नाही. समोर दोन्ही अर्धवट मोर तसेच पडून होते, आणि तो डोळे मिटून ती थरथर न मोजता नुसती घेत राहिला.